मार्लो स्टेनरूड राज्य सोडतो

मार्लो स्टेनरूडनं मिनेसोटा राज्य सोडलं ते गेलन हॉफ्स्टाडच्या सल्ल्यावरून. आता गेलनच्या सल्ल्यानं आमच्या सोलबर्गमध्ये आजवर कुणाचं भलं झाल्याचं ऐकिवात नाही. चर्चच्या तळघरातली ओल घालवायला यानंच एकदा भिंतीकडेनं पोतीच्या पोती मीठ पसरायला लावलं होतं. ओल अजून आहे, शिवाय मीठही आहे. पण गेलन बोलायला लागला की समोरच्याला वाटतं, अरेच्चा, एवढी साधी गोष्ट आपल्याला कशी सुचली नाही! ही त्याच्या जिभेची करामत म्हणा, नाहीतर थंडी पडायला लागली की आम्हाला दुसरं ऐकायला काही नसतं म्हणून म्हणा.

त्या सकाळी दोघं धान्याच्या कोठाराशेजारच्या हॉटेलात कॉफी पीत बसले होते. मार्लो वैतागलेला होता. त्याच्या प्राप्तिकराच्या रिटर्नमध्ये एक रकाना भरायचा राहिला म्हणून राज्याच्या महसूल खात्यानं त्याच्याकडं अकरा डॉलर मागितले होते. अकरा डॉलरचं त्याला काही नव्हतं. पत्राच्या शेवटी ‘सूचना काळजीपूर्वक वाचाव्यात’ असं एक वाक्य होतं, ते झोंबलं होतं. ज्या माणसानं तीस वर्षं हायस्कुलातल्या पोरांना गाडी चालवायला शिकवताना ‘पाटी वाचा, पाटी वाचा’ करत घसा कोरडा केला, त्याला हे वाचायला शिकवणार!

“तू मुळात भरतोस कशाला?” गेलन म्हणाला.

“म्हणजे? भरावा लागतो. सगळेच भरतात.”

“सगळे? ते बघ.” गेलननं चमच्यानं खिडकीबाहेर दाखवलं. बाहेर तळं होतं आणि तळ्यापलीकडं साउथ डकोटा. “ते लोक आपल्या राज्याला एक छदामसुद्धा प्राप्तिकर देत नाहीत. तिथं तो करच नाही. केंद्राचं रिटर्न भरलं की हात झटकून मोकळे. राज्याचं वेगळं रिटर्न असतं, हेसुद्धा त्यांच्या गावी नाही. सुखी आहेत लेकाचे!”

मार्लोनं जन्मभर तो काठ पाहिला होता. तिकडं सूर्य मावळतो, यापलीकडं त्या राज्याचा त्यानं कधी विचार केला नव्हता. आता त्याला तिथली माणसं दिसायला लागली. वसंत ऋतू आलाय, म्हणजे रिटर्न भरायचे दिवस, आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर कागदांचा पसारा न मांडता ही माणसं आरामात पाय पसरून बसलीयत.

“पण त्यासाठी तिकडं राहायला लागेल,” तो म्हणाला.

“मग राहा की! माझ्या चुलतभावाचा राहायचा ट्रेलर अगदी पाण्याकाठी रिकामा पडलाय. पलंग आहे, शेगडी आहे, खिडकीतनं तुझं घर दिसतं. याला काय कुणी परगाव म्हणेल? तू तिकडचा झालास की संपलं. पेन्शन तुझी, पैसा तुझा, आणि खात्यानं पत्र लिहिलंच तर उलट टपाली कळवायचं, हा माणूस तुमच्यात राहत नाही.”

ही शेवटची कल्पना मार्लोला फार आवडली. घरी जाईपर्यंत त्यानं ते पत्र मनात दोनदा लिहूनही काढलं.

घरी आर्डिस बटाटे सोलत होती. मार्लोनं तिला सगळी योजना समजावून सांगितली. कर, तळं, ट्रेलर, खिडकी. तिनं हातातला बटाटा पूर्ण सोलला, धुतला, पातेल्यात टाकला.

“हे जरा वेगळंच आहे हं,” ती म्हणाली.

हे वाक्य कळायला आमच्यात जन्म काढावा लागतो. आमची सगळी नॉर्वेहून आलेल्यांची वस्ती. आरडाओरडा, कपबशा फोडणं, माहेरी निघून जाणं असले प्रकार आमच्यात नाहीत. उद्या जावई गळ्यात साप घालून जेवायला आला तरी सासू ‘वेगळंच आहे हं’ एवढंच म्हणेल, आणि जावई ते मरेपर्यंत विसरणार नाही. मार्लोला बरोबर कळलं. कळलं म्हणूनच तो तिथून हलला नाही. आता ही म्हणेल, ‘मार्लो, खुळ्यासारखं करू नकोस, गप घरी बस.’ एवढंच ऐकायला तो उभा होता. तिनं ते म्हटलं असतं तर त्यानं पुन्हा गेलनचं नाव काढलं नसतं.

आर्डिसही थांबली होती. आता हा म्हणेल, ‘छे गं, गंमत केली.’

“मग... तुला चालेल ना?” मार्लोनं विचारलं.

“तुला चालत असेल तर मला काय!”

“तसं नाही, तुझं काही म्हणणं असेल तर...”

“माझं कसलं म्हणणं? लोकरीचे मोजे जास्तीचे घेऊन जा. ट्रेलरची जमीन गार असते.”

झालं. दोघंही एकमेकांचं मन राखण्यात इतके पटाईत की ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवारी मार्लो स्टेनरूड आपली गाडी भरून परराज्यात निघाला.

निघाला म्हणजे निघायला लागला. आमच्याकडं पाहुणा उठून सरळ चालू लागला तर त्याच्या मनाला काहीतरी लागलंय असं समजतात. आधी दोन्ही गुडघ्यांवर थापा मारून ‘चला तर मग’ म्हणायचं आणि बसून राहायचं. मग उठून खुर्चीच्या पाठीला धरून शेजारच्यांच्या आजारपणांची चौकशी. मग दारात हवामान. मग पायऱ्यांवर राहिलेलं हवामान. शेवटी गाडीत बसून काच खाली करायची आणि बाहेरच्यानं काचेवर हात टेकून हरणं आडवी येतात, जपून जा, असं सांगायचं. स्वतःच्या घरातून निघायची मार्लोची ही पहिलीच वेळ, तरी त्यानं एकही पायरी गाळली नाही. दुपारी गुडघ्यांवर थापा मारलेला माणूस पूल ओलांडून पलीकडं पोचला तेव्हा दिवे लागले होते. उशी घरीच राहिली होती. ती आणायला तो परत आला, तेव्हा जेवायची वेळ झाली होती, आणि असं जेवणाच्या वेळेला आलेल्या माणसाला तसंच पाठवायचं म्हणजे काय!

नुसतं राहून भागत नाही, हे गेलननं त्याला नंतर सांगितलं. “खातं चौकशीला आलं ना, तर ते पलंग नाही बघत. तुझं लायसन कुठलं, दातांचा डॉक्टर कुठला, चर्च कुठलं, ते बघतं. आणि सगळ्यात आधी बघतं ते कुत्रं. माणूस खोटं बोलतो. कुत्रं जिथं राहतं तिथं माणसाचं घर.”

पहिलं लायसन. पलीकडच्या कचेरीत मार्लो छाती पुढं काढून गेला. लायसन या विषयात तालुक्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. खिडकीत ब्रेंडा बसली होती. शाळेत असताना हिला त्यानं दोनदा नापास केलं होतं, कारण तिनं गाडी मागं घेताना मुख्याध्यापकांची सायकल चिरडली होती, आणि दुसऱ्या वेळी मुख्याध्यापकांची नवी सायकल.

“अय्या, स्टेनरूड सर! तुम्ही इकडं?”

“राहायला आलोय,” मार्लो खालच्या आवाजात म्हणाला.

“आणि बाई?”

“त्या तिकडं.”

“हो का!” ब्रेंडानं मान एका बाजूला कलती केली. त्या कलत्या मानेत एवढी सहानुभूती होती की मार्लोला घाम फुटला.

“तसलं काही नाही. कराचं आहे.”

“असतं हो सर, काही ना काही असतंच. या, या यंत्रात बघा. खालची ओळ वाचा.”

चष्मा मार्लोच्या घरी होता. म्हणजे आर्डिसच्या घरी. खालची ओळ सोडा, यंत्राच्या आत ओळी आहेत हेच त्याला ब्रेंडानं सांगितलं म्हणून कळलं. त्यानं अदमासानं काही अक्षरं म्हणून पाहिली. ब्रेंडा हळुवारपणे म्हणाली, “सर, पाटी वाचा. पाटी न वाचता पुढं जायचं नसतं.”

चष्मा घालून दुसऱ्या दिवशी लायसन मिळालं, पण तोवर तळ्याच्या दोन्ही काठांवर बातमी गेली होती की स्टेनरूडांच्यात काहीतरी बिनसलंय आणि बिचाऱ्याच्या डोळ्यांवरही परिणाम झालाय.

मग कुत्रं. गस हा तांबूस रंगाचा, जाडजूड आणि सरळमार्गी प्राणी. मार्लोनं त्याला गाडीत घालून नेलं, पलीकडच्या जनावरांच्या डॉक्टरकडून त्याला सुई टोचून घेतली, रीतसर दाखला काढला. तळं उघडं होतं तोवर गस ट्रेलरच्या पायरीवर बसून पाण्याकडं बघत राहायचा. डिसेंबरात तळं गोठलं आणि तिकडच्या कायदेशीर रहिवाशानं पहिल्याच संध्याकाळी बर्फावरून सरळ घरचा रस्ता धरला. मार्लो रोज पुलावरून वळसा घालून त्याला आणायला जाई आणि गस रोज पुन्हा आर्डिसकडं पळून येई. शेवटी मार्लोनं नाद सोडला. खरं सांगायचं तर त्याला त्या कुत्र्याचा हेवा वाटायला लागला होता. त्याला कुणी ‘तुला चालेल ना’ म्हणून विचारत बसलं नव्हतं.

चर्चची गोष्ट मात्र त्याच्या जिवाला लागली. सोलबर्गच्या चर्चमध्ये मोठ्या जेवणाला अंडं फोडून घातलेली कॉफी असते. टरफलासकट अंडं कॉफीच्या चुऱ्यात कालवायचं, उकळत्या पाण्यात सोडायचं, मग वरून गार पाणी मारायचं, की चोथा खाली बसून वर सोन्यासारखी कॉफी राहते. हे काम कितीतरी वर्षं मार्लोचं होतं. दुसऱ्या कुणी त्या पातेल्याला हात लावलेला त्याला खपत नसे. पण गेलन म्हणाला, चर्च बदललंच पाहिजे, खातं तेही बघतं. पास्टर यूनिस यांनी त्याचं नाव पलीकडच्या चर्चकडं पाठवून दिलं आणि “आम्हाला तुमची आठवण येईल” असं म्हणून त्याचा हात जरा जास्तच वेळ दाबला. त्यांच्याही कानावर बिनसल्याची बातमी आली असावी.

नाताळच्या जेवणाला मार्लो आर्डिससोबत गेला, तर दारातल्या पोरीनं त्याच्या कोटावर एक चिठ्ठी चिकटवली. ‘पाहुणा.’ ज्या चर्चमध्ये त्याचा बाप्तिस्मा झाला, लग्न झालं, त्या चर्चमध्ये छातीवर ‘पाहुणा’ लावून तो पाहुण्यांच्या टेबलाशी बसला. शेजारी एक पाइप दुरुस्त करणारा होता, तो खरोखरच पाहुणा होता. आणि कॉफीचं पातेलं घेऊन आला कोण? गेलन!

“कुणीतरी करायला हवंच ना,” गेलन म्हणाला.

मार्लोनं घोट घेतला. “वेगळीच झालीय हं,” तो म्हणाला. टेबलावरच्या सगळ्यांनी माना खाली घातल्या. गेलन मात्र खूश होऊन दुसऱ्या टेबलाकडं गेला. जन्म काढूनही काही जणांना कळत नाही, ते असं.

बरं, कॉफीवरच थांबला असता तर एक वेळ ठीक. जानेवारीत जोराचं बर्फ पडलं. मार्लोनं सकाळी पाखरं बघायची दुर्बीण काढली. पाखरं जानेवारीत नसतात, पण दुर्बीण होती. पलीकडं त्याच्या दारासमोर त्याचंच बर्फ उडवायचं मशीन चाललं होतं आणि ते गेलन चालवत होता. गेलन विधुर माणूस. त्यानं दारापर्यंत रस्ता मोकळा केला, बूट झटकले आणि आत गेला. मार्लो दुर्बीण लावून उभा राहिला. शेगडीवरचा चहा उतू गेला, शेगडी विझली, चहा गार झाला. गेलन बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात झाकण लावलेलं भांडं होतं. त्या भांड्याचा निळा रंग मार्लोला एवढ्या लांबूनही ओळखू आला. बटाट्याच्या गोळ्या वर रचून भाजलेलं हॉटडिश आर्डिस त्याच भांड्यात करायची.

त्या रविवारी तो जेवायला घरी गेला. म्हणजे आर्डिसकडं. मनात ठरवून गेला होता की आज बोलायचं.

“गेलननं बर्फ काढलं वाटतं,” तो म्हणाला.

“हो.”

“चांगलं काढलं.”

“बऱ्यापैकी.”

“माझ्या मशीननं.”

“मशीन नुसतंच पडलं होतं.” आर्डिसनं त्याच्या ताटात आणखी थोडं वाढलं. थोड्या वेळानं म्हणाली, “तिकडं बरंय ना सगळं?”

“याहून वाईट असू शकतं. तुझं इथं?”

“तक्रार करण्यासारखं काही नाही.”

आणि मग दोघं घड्याळाची टिकटिक ऐकत जेवली. अरे, बोला की माणसांनो! त्या ट्रेलरच्या नळात पाणी गोठलेलं होतं, मार्लो अंगावर दोन कोट घालून झोपत होता, तिकडं आर्डिस रोज दोन कप काढून एक परत ठेवून देत होती. यातलं एक वाक्य कुणी एकानं तोंडातून काढलं असतं तर त्याच रात्री प्रकरण मिटलं असतं. पण मार्लोला वाटे, हिला आता एकटीला मोकळं वाटत असेल, आपण मध्येच परत येतो म्हणालो तर संकोचानं हो म्हणेल. आर्डिसला वाटे, त्याला तिकडं आवडलंय, आपण ये म्हणालो तर मन मोडायला नको म्हणून येईल. त्या दिवशी निघताना दारातलं हवामान, पायऱ्यांवरचं हवामान आणि काचेजवळची हरणं मिळून एवढा वेळ गेला की गेलननं शेजारच्या आपल्या घरातून पडदा बाजूला करून दोनदा पाहिलं. तरी गाडी गेलीच.

पोटापाण्याचं म्हणाल तर मार्लो रोज पहाटे पूल ओलांडून सोलबर्गला येत असे आणि शाळेची बस चालवत असे. निवृत्तीनंतर त्यानं हे काम धरलं होतं. राहायला तिकडं आणि कामाला इकडं, यात गेलनलाही काही खटकलं नाही.

मार्च संपता संपता सोलबर्गच्या वाचनालयात महसूल खात्याची एक बाई येऊन बसली. ज्यांना रिटर्न भरायला अडचण असेल त्यांना मदत करायला. पाकू शाँग तिचं नाव. सेंट पॉलहून आलेली, वयानं तरुण आणि बोलायला चटपटीत. मार्लो तिथं मोठ्या उत्साहानं गेला. सगळा हिवाळा याच दिवसासाठी तर काढला होता! बरोबर गेलन होता, सल्लागार म्हणून. आत आर्डिस आधीच बसली होती, कारण मार्लो निराळा झाल्यामुळं तिला आता तिचं तिचं रिटर्न भरायचं होतं. मांडीवर ओटच्या वड्यांचा डबा होता. सरकारी बाई लांबून आली म्हणजे तिला रिकाम्या हातानं कसं भेटायचं?

“स्टेनरूड आणि स्टेनरूड,” पाकूनं नावं वाचली. “नवरा-बायको ना? मग दोघंही एकदमच या.”

दोघं दोन खुर्च्यांवर बसली. मध्ये थोडी जागा सोडून. गेलन मागं उभा राहिला.

“माझं काही काम नाही खरं तर,” मार्लो खाकरून म्हणाला. “मी रिटर्न भरायला नको, एवढं तुमच्या तोंडून ऐकायला आलोय.”

“कशावरून नको?”

मार्लोनं एकेक कागद टेबलावर मांडला. लायसन. दातांच्या डॉक्टरची पावती. पलीकडच्या चर्चचा दाखला. शेवटी गसच्या सुईचं प्रमाणपत्र त्यानं जरा पुढं सरकवून ठेवलं.

“अरे वा, कुत्रा पण नेलात?” पाकू म्हणाली.

“बघ! मी काय म्हणालो होतो!” गेलन मागून म्हणाला.

“कुठं असतो तो?”

खिडकीबाहेर आर्डिसची गाडी उभी होती. गस काचेला नाक लावून आतच बघत होता. पाकूनं गसकडं पाहिलं, मार्लोनंही पाहिलं.

“सध्या इकडं आलाय,” मार्लो म्हणाला.

“बरं. काही काम करता?”

“निवृत्त आहे. सकाळ-संध्याकाळ शाळेची बस चालवतो.”

“कुठल्या शाळेची?”

“इथल्याच.”

“म्हणजे रोज मिनेसोटात असता.”

“मिनेसोटात बस असते,” मार्लो ठासून म्हणाला. “मी बसमध्ये असतो.”

पाकूनं पेन खाली ठेवलं. ओठ आवळून ती क्षणभर छताकडं बघत राहिली. मग म्हणाली, “हे बघा साहेब. पलीकडं राहून माणूस इथं कमावत असेल, तर त्या कमाईपुरतं त्यालाही इथं रिटर्न भरावं लागू शकतं. ते एक राहू द्या. आपण बोलतोय गेल्या वर्षाबद्दल. तुम्ही गेलात ऑक्टोबरच्या शेवटी. त्याआधी कुठं होतात?”

“घरी.”

“घरी म्हणजे?”

“म्हणजे... हिच्याकडं.”

“मग वर्षाचा बहुतेक भाग तुम्ही इथलेच होतात. रिटर्न तुम्हाला भरायचंच आहे. वर्षभराचे रहिवासी म्हणून भरा नाहीतर काही महिन्यांचे म्हणून भरा, त्यातून सुटका नाही.”

मार्लो हळूहळू खुर्चीत वळला. नळात गोठलेलं पाणी, छातीवरची चिठ्ठी, ब्रेंडाची कलती मान, सगळं त्याच्या डोळ्यांत एकदम आलं. गेलन भिंतीवरची मुलांच्या गोष्टींच्या तासाची जाहिरात फार मन लावून वाचत होता.

“पुढच्या वर्षी फायदा दिसायला लागतो,” गेलन जाहिरातीकडं बघत म्हणाला.

“आता एवढंच सांगा,” पाकू म्हणाली, “की तुम्ही हे राज्य कायमचं सोडलंत का, आणि सोडलं असेल तर कधी. तो दिवस मला इथं लिहायचाय.”

“ऑक्टोबरचा शेवटचा शनिवार,” मार्लो म्हणाला.

“त्या दिवशी तू उशी न्यायला आलास,” आर्डिस पर्सच्या कडीशी चाळा करत म्हणाली. “जेवून गेलास.”

“मग रविवार.”

“रविवारी चर्च होतं. मग जेवलास. मग अंधार झाला म्हणून मी म्हटलं हरणं असतील, तर सकाळी गेलास.”

“मग सोमवार लिहा.”

“सोमवारी चष्मा.”

पाकूचं पेन कागदावर अधांतरी थांबलं होतं. “साहेब, उशी आणि चष्मा सोडा. कायमचे गेलात तो दिवस. म्हणजे आता इथं परत यायचं नाही, असं मनात पक्कं करून ज्या दिवशी दाराबाहेर पडलात, तो. हे शपथेवर असतं, म्हणून विचारते.”

मार्लोनं आर्डिसकडं पाहिलं. ती त्याच्याकडं बघत नव्हती. पण पर्सशी चाललेला तिचा चाळा थांबला होता आणि बोटं कडीवर घट्ट दाबलेली होती. बाईला हा दिवस हवा होता त्याहून जास्त हिला हवा आहे, हे त्याला लख्ख कळलं. सगळा हिवाळा हिनं हेच मनात धरून काढलेला असणार, की हा परत यायचं नाही म्हणून गेलाय का. आणि आपण तिला हवामानाच्या गोष्टी सांगत बसलो!

“असा दिवसच नाही,” तो म्हणाला.

“म्हणजे?”

“म्हणजे मी गेलोच नाही, बाई!” आवाज स्वतःच्याच कानाला मोठा लागला, पण आता तो थांबेना. “माझे मोजे गेले तिकडं. मी कुठला जातोय? मला जायचंच नव्हतं. ही नको म्हणेल म्हणून मी थांबलो होतो, ही म्हणालीच नाही, मग गेलो. त्या ट्रेलरमध्ये मला एक रात्र धड झोप नाही. रोज संध्याकाळी दुर्बीण लावून बसतो. हिच्या स्वयंपाकघरातला दिवा लागला की मग मी जेवायला घेतो. मला हिच्यापाशी राहायचंय. त्याचा काय कर होईल तो लावा, दुप्पट लावा, पण मला घरी जाऊ द्या!”

वाचनालयात आधीही कुणी बोलत नव्हतं, पण आता लोक श्वाससुद्धा घेईनासे झाले. आमच्या गावात इतकं स्पष्ट वाक्य चारचौघांत कुणी उच्चारल्याचं म्हाताऱ्याकोताऱ्यांनाही आठवत नाही. वर्तमानपत्र वाचणाऱ्या दोघांनी वर्तमानपत्रं तोंडासमोर धरली. गेलनला काय करावं ते कळेना, त्यानं टोपी काढली.

आर्डिस कानापर्यंत लाल झाली होती. “मार्लो,” ती म्हणाली, “लोक आहेत.”

“असू देत!”

तिनं डबा टेबलावर ठेवला, खुर्ची उचलली आणि मधली जागा संपवून त्याच्या शेजारी टेकवली. मग डोळे टिपायला रुमाल सापडेना म्हणून त्याच्याच कोटाच्या खिशात हात घातला.

“मग वर्षभराचे रहिवासी असं लिहू का?” पाकूनं विचारलं. तिनं पेन कागदाला टेकवलं. “दोघांचं एकत्र?”

मार्लोनं कोट सारखा केला आणि आर्डिसकडं वळला. “लिहावं म्हणतो,” तो अदबीनं म्हणाला. “म्हणजे, तुझी काही हरकत नसेल तर. तुला एकटीला बरं वाटत असेल, तर उगाच माझ्यासाठी...”

“लिहा, बाई, लिहा!” आर्डिसनं टेबलावर हात आपटला. “हा पुन्हा सभ्य व्हायच्या आत लिहून टाका!”